पोपडा उलटून पाहा: राजापूरकडच्या एका जुन्या घराच्या भिंती

राजापूर तालुक्यातलं जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर. पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे न्हाणीघर. वय ऐंशीच्या आसपास. मालक निवृत्त शिक्षक, गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. ते आणि काकू बारमाही इथे राहतात, मुलं-नातवंडं गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईहून येतात. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर त्यांनी सगळं घर रंगवून घेतलं होतं. पुट्टी, प्रायमर आणि वर प्लास्टिक इमल्शनचे दोन हात. दिवाळीपर्यंत माजघराच्या भिंतीला फुगे आले आणि पुढच्या पावसात तळहाताएवढे पोपडे जमिनीवर पडायला लागले. काम केलेल्या माणसाने येऊन पडलेल्या जागी पुन्हा पुट्टी भरून दिली. ती पुट्टी आजूबाजूचा चांगला रंगही घेऊन खाली आली.

"रंग हलका दिला त्यांनी," गुरुजी म्हणाले. "तुम्ही या वेळी सगळ्यात भारी डबा आणा. पैशाकडे बघू नका."

रिकामे डबे मागच्या पडवीत होते. रंग हलका मुळीच नव्हता. मी खाली पडलेला एक पोपडा उचलला, उलटा करून गुरुजींच्या हातावर ठेवला आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवायला सांगितलं. बोटाला फिकट पिस्ता रंगाची पूड आली. काकूंनी तो रंग लगेच ओळखला: थोरल्याच्या मुंजीच्या वेळी दिलेला. त्या पोपड्यात पुढून इमल्शन, मध्ये चांगली मिलिमीटरभर पुट्टी आणि पाठीला ही पूड होती. इमल्शनने पुट्टीला घट्ट धरलं होतं, पुट्टीने पुडीला धरलं होतं, पण पुडीने भिंतीला धरलं नव्हतं. वर कितीही भारी डबा आणला असता तरी तो पुडीबरोबर खालीच आला असता.

पोपडा नेमका कुठल्या थरात तुटला हे त्याची पाठ सांगते, आणि हे पाहायला कुठलंही यंत्र लागत नाही. पाठीला पूड असेल तर खालचा चुना किंवा डिस्टेंपर भुसभुशीत झालाय. पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर खाली जुना ऑइल पेंट आहे आणि नव्या रंगाने त्याला पकड घेतलेली नाही. पाठीला वाळू आली तर गिलावाच सुटतोय, मग रंगाचं नंतर बघू. आणि पाठ दमट असून तिच्यावर कापसासारखे बारीक पांढरे तंतू असतील तर भिंतीत पाणी आहे आणि पाण्याबरोबर क्षार बाहेर येतायत. गुरुजींच्या घरात हे चारही प्रकार निघाले. मागच्या वेळी मात्र सगळ्या भिंतींना एकच पुट्टी आणि एकच प्रायमर लागलं होतं.

भिंतीला हात लावून

पोपडे नसलेल्या ठिकाणीही तपासणी केली, कारण आज धरून असलेला भाग उद्या सुटणार की नाही हे आधी कळायला हवं. प्रत्येक भिंतीवर काळं सुती फडकं दाबून पुसलं. फडक्यावर पांढरा किंवा रंगीत पट्टा उमटला की त्या भिंतीवर खूण. मग खाकी पॅकिंग टेप वीतभर चिकटवून, नखाने घासून बसवून, एका झटक्यात ओढली. टेपच्या चिकट बाजूला नुसती धूळ आली तर धुऊन आणि सीलर, म्हणजे सुटी पूड बांधणारा पातळ हात, देऊन भागण्याची आशा असते. पापुद्रे आले तर खरवडण्याला पर्याय नाही. बोटाच्या पेराने ठोकत गेलो की पोकळ गिलावा बद आवाज देतो. तसा आवाज न्हाणीघराकडच्या भिंतीला कमरेपर्यंत मिळाला.

त्याच भिंतीवर दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून दिवसभर ठेवला. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले, म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती. बाहेरच्या बाजूला जमले असते तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. माजघरात असाच कागद लावला तो दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला. हे कळणं महत्त्वाचं होतं. माजघराचं दुखणं जुन्या थरांचं आणि न्हाणीघराचं पाण्याचं, हे इथे ठरलं. पुढची सगळी कामं यावरून वेगळी झाली.

माजघर: पिस्ता रंग

दाराच्या चौकटीशेजारी मेस्त्रींनी पत्रीने पायऱ्या-पायऱ्यांनी खरवडून थर उघडे केले. सगळ्यात खाली चुन्याचा गिलावा. त्यावर नीळ घातलेल्या चुन्याचे कितीतरी हात, मग तो पिस्ता रंग, त्यावर पुट्टी, त्यावर इमल्शन. पिस्ता रंग म्हणजे ड्राय डिस्टेंपर. हा जुना स्वस्त प्रकार: खडूची पूड, रंग, आणि धरून ठेवायला सरसासारखा पाण्यात विरघळणारा बांधक. पाण्याने पुसता येणारा डिस्टेंपर वेगळा. भारतीय मानकांतही दोघांना वेगळे क्रमांक आहेत, ड्राय डिस्टेंपरला आयएस ४२७ आणि धुता येणाऱ्याला आयएस ४२८. दुकानात मात्र दोघांनाही नुसतं डिस्टेंपर म्हणतात, आणि तिथेच पुढच्या रंगाऱ्याची फसगत होते.

ड्राय डिस्टेंपरवर पुट्टी ओढली की पुट्टीतलं पाणी खालच्या सरसाला ढिला करतं. पुट्टी सुकताना आकसते आणि त्या ढिल्या थराला भिंतीपासून ओढते. वर इमल्शन आलं की त्याचाही ताण त्यातच भरतो. पहिल्या महिन्यात काही दिसत नाही. हवेत दमटपणा वाढला की फुगे येतात. अशा थरावर सीलर मारून त्याला घट्ट करू, असं सांगणारे बरेच भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. सीलर वरच्या मिलिमीटरच्या काही भागात शिरतो, त्याखाली पूड तशीच सुटी राहते, आणि पोपडा फक्त जाडा होतो. ड्राय डिस्टेंपर पूर्ण काढायचाच. त्यात तडजोड नाही.

त्यामुळे आधी इमल्शन आणि पुट्टी पत्रीने सोलून काढली. बऱ्याच ठिकाणी ती चपातीच्या पापुद्र्यासारखी सलग निघून आली, काही ठिकाणी चिवट होती. मग पिस्ता थर कोमट पाणी आणि स्पंजाने धुवायला घेतला. दोन बादल्या: एका बादलीत स्पंज पिळायचा, दुसऱ्या बादलीतलं स्वच्छ पाणी घ्यायचं, आणि पाणी गढूळ झालं की ओतून टाकायचं. एकाच बादलीत काम केलं तर तीच पूड पुन्हा भिंतीवर पसरते. वरून खाली नाही, खालून वर धुवायचं, म्हणजे खालच्या कोरड्या भागावर ओघळांचे डाग पक्के होत नाहीत. मेस्त्री म्हणाले, "साहेब, यात रंगापेक्षा धुण्यालाच जास्त रोज जातील." बरोबर होतं. अंदाजपत्रकात ते आधीच धरलं होतं आणि गुरुजींना तसं सांगितलंही होतं.

खालचा चुना उघडा पडल्यावर तो बहुतेक ठिकाणी टणक निघाला, पण देवघराच्या बाजूच्या दोन भिंतींवर फडकं अजून पांढरं होत होतं. चुना पूड का सोडतो हे रंग देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. विझवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. ही क्रिया होण्यासाठी तो काही काळ ओलसर राहावा लागतो. भिंत कोरडी ठणठणीत असताना चुना मारला, जाड मारला किंवा उन्हात झटपट वाळू दिला की पाणी उडून जातं आणि चुना घट्ट व्हायच्या आतच सुकतो. मग तो भिंतीवर खडूसारखा राहतो. जुने लोक भिंत आधी पाण्याने भिजवून, दुधाएवढा पातळ चुना तीन-चार हातांत देत, ते याचसाठी. एका जाड हातात काम उरकलं की पूड आलीच.

या दोन भिंतींवर सुटी पूड नायलॉनच्या ब्रशने झाडली, ओल्या फडक्याने पुसली आणि पूर्ण वाळू दिली. त्यानंतर सीलर. इथे साधा पांढरा प्रायमर वापरला नाही. पांढऱ्या प्रायमरमध्ये भरणीची पूड खूप असते, ती पृष्ठभागावरच बसते. सुट्या पुडीला बांधायचं तर पातळ, बारीक कणांचा, अल्कली सहन करणारा, पारदर्शक अॅक्रिलिक सीलर हवा. चुना अल्कलीच असतो, म्हणून ही अट सोडायची नाही.

काही रंगारी या जागी लाकडासाठीचा पांढरा गोंद पाण्यात घालून मारतात. पुण्या-सोलापूरच्या कोरड्या हवेत तो काही वर्षं निभावतही असेल. कोकणात नाही. तो गोंद दमटपणाने पुन्हा मऊ होतो, आणि त्यावरचा रंग पावसाळ्यात चिकट व्हायला लागतो.

सीलर किती पातळ करायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं, तरी भिंतीला विचारावं. सगळ्यात खराब जागा निवडून तिथे फूटभर चौरसावर नमुना मारला. ब्रशने घासून, मुरवत. रोलरने नाही, कारण रोलर पुडीवरून नुसता लोळतो. पहिला हात दोन-तीन मिनिटांत पिऊन टाकला, म्हणून तो ओलसर असतानाच दुसरा दिला. वाळल्यावर ती जागा मॅट दिसायला हवी. चकाकी आली तर सीलर आत न मुरता वर काचेसारखा बसलाय, आणि त्यावर येणारा रंग घसरेल. आमच्या पहिल्या नमुन्यात वरचा कोपरा चकाकला, म्हणून पाण्याचं प्रमाण वाढवून शेजारी दुसरा चौरस मारला. तो मॅट आला. चार दिवसांनी दोन्हींवर टेप ओढली. दुसऱ्यावरून काहीच आलं नाही, तेव्हाच बाकीच्या भिंतीला हात घातला.

सरसकट पुट्टी पुन्हा ओढली नाही. खड्डे आणि भेगा सीलरनंतर, बोटाने चाचपून, लागेल तिथेच भरल्या. चुन्याच्या जुन्या भिंतीला थोडा उंचसखलपणा असतोच. आरशासारखी सपाट भिंत करण्याच्या नादात सगळ्यात जास्त वजन आपणच तिच्यावर लादतो. गुरुजींना हे पटायला वेळ लागला. शेवटी मॅट इमल्शनचे दोन पातळ हात दिले. मॅट रंगात उंचसखलपणा दिसतही नाही.

ऑइल पेंटचा पट्टा

माजघरातून स्वयंपाकघरात जाताना कमरेएवढ्या उंचीपर्यंत जुना तपकिरी ऑइल पेंट होता. खिडक्यांच्या गजांनाही तोच. त्यावरचे पोपडे पाठीने चकचकीत होते. इथे धरून असलेला ऑइल पेंट काढायची गरज नव्हती, फक्त त्याची चकाकी मारायची होती. पण किती जुना आहे हे कोणालाच सांगता येईना, आणि इथेच मी सगळ्यांना थांबवलं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग, ठरवणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं किती असेल याचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासला की ती धूळ घरभर पसरते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार घातक असतं. सुट्टीत या घरात चार नातवंडं जमिनीवर लोळतात.

म्हणून वॉटर पेपर ओला करून घासलं. कोरडा पॉलिश पेपर किंवा मशीन बंद. खाली प्लास्टिक अंथरलं, घाण पाणी कागदात टिपून पिशवीत बांधलं, काम करणाऱ्यांना एन-९५ मास्क दिले आणि काकूंना तो भाग होईपर्यंत स्वयंपाक मागच्या पडवीत करायला सांगितलं. त्यांनी कुरकुर न करता चूल तिकडे मांडली. चकाकी गेल्यावर पट्टा पुसून, वाळवून, त्यावर पकड देणारा प्रायमर आणि मग नवा रंग.

पडवी

हे काम साधं निघालं. पडवीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला नंतर कधीतरी सिमेंटचा गिलावा करून बाहेरचा रंग दिलेला होता. पोपडे नव्हते, पण हात लावला की तळहात पिवळा. उन्हाने वरचा बांधक जळतो आणि रंगाचे कण सुटे होतात. जोत्याजवळ पागोळ्यांचे शिंतोडे उडून शेवाळ आलं होतं. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी पंधरा-वीस मिनिटं ठेवून ब्रशने घासलं, मग स्वच्छ पाण्याने भरपूर धुतलं. ब्लीचिंगबरोबर अॅसिड कधीही वापरू नये, विषारी वायू होतो. फडकं स्वच्छ निघेपर्यंत धुवून, उन्हाचे दिवस जाऊ देऊन, बाहेरचा पातळ केलेला प्रायमर आणि रंग. संपलं.

न्हाणीघराकडची भिंत

खरं काम इथे होतं, आणि त्यातलं निम्मं भिंतीला हात न लावता करायचं होतं. बाहेरून घराला वळसा घातला तर जोत्याच्या वर वीतभर माती साचलेली. कोणीतरी अंगणातला कोबा थेट भिंतीला भिडवला होता आणि त्याचा उतार घराकडे. न्हाणीघराचं सांडपाणी भिंतीला लागूनच जात होतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात जांभा सच्छिद्र, पाणी खालून वर ओढून घेणारा. पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर उडून जायची. मधल्या काळात कोणीतरी कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला, तेव्हापासून ओलीला वाट राहिली नाही. ती सिमेंटच्या मागून वर चढली आणि त्याच्या वरच्या कडेला क्षारांचा पांढरा पट्टा फुटला. पाणी उडतं, पण त्यातले क्षार भिंतीत मागे राहतात. ते स्फटिक होताना फुगतात आणि समोर जे असेल ते ढकलतात, मग तो रंग असो, पुट्टी असो की गिलावा. वरून वॉटरप्रूफ थर दिला तर दुखणं दिसेनासं होतं आणि आणखी वरच्या उंचीवर निघतं.

जानेवारीत माती काढून जोतं मोकळं केलं, कोबा भिंतीपासून हातभर तोडून तिथे खडी भरली, उतार बाहेर वळवला, सांडपाण्याला पाइप घातला. गिलावा ओलीच्या खुणेच्या वर हातभर जाईपर्यंत पाडला आणि चिऱ्यांचे सांधे खरवडले. मग भिंत उघडी ठेवली. आठवडा-दोन आठवड्यांनी क्षार फुटत, तसे ते कोरड्या ब्रशने झाडून पत्र्यावर गोळा करून बाहेर टाकले. पाण्याने धुवायचा मोह होतो, पण पाण्याने क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. एप्रिलपर्यंत झाडण्यातून येणारी पूड खूप कमी झाली.

इथे सीलर दिला नाही, इमल्शन नाही, पुट्टी तर नाहीच. बरेच दिवस विझवून भिजत ठेवलेला चुना, वाळू तिप्पट आणि थोडी सुरखी असा गिलावा केला. विटांच्या त्या भुकटीमुळे चुना ओलीतही घट्ट होतो. गिलावा पोत्याने झाकून ओलसर ठेवला. त्यावर चुन्याचे चार पातळ हात, दरवेळी भिंत भिजवून आणि मध्ये दिवस सोडून. मेस्त्रींनी चष्मे घातले होते. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

"म्हणजे सगळं घर रंगवलं आणि ही भिंत पांढरीच?" काकूंनी विचारलं. हो, पांढरीच. पाहिजे तर चुन्यात चालणारी पिवळी माती घालता येते. पण बाहेरून ओल झेलणाऱ्या भिंतीवर मी प्लास्टिकचा रंग देणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

गणपतीचं वेळापत्रक

या घराचा रंग मागच्या वेळी फसला त्यात रंगाऱ्याएवढाच वाटा महिन्याचा होता. चाकरमानी येणार म्हणून कोकणात अर्धी घरं श्रावणात रंगतात, म्हणजे भिंतीत वर्षातलं सगळ्यात जास्त पाणी असताना. धुतलेला चुना वाळायला वेळ नाही, सीलर मुरायला कोरडी भिंत नाही, आणि दोन हातांच्या मध्ये थांबायला कोणी तयार नाही. गणपतीसाठी रंगवायचं तर खरवडणं-धुणं जानेवारीत आणि रंग एप्रिल-मे महिन्यात. उत्सवाआधी फक्त फडकं मारायचं.

दुसरी गोष्ट अंदाजपत्रकाची. चौरस फुटाच्या दरात 'स्क्रॅपिंगसह' असा एक शब्द टाकला की त्यात सगळं आलं असं दोघंही धरून चालतात, आणि कमी दर भरणारा ते एका दुपारी उरकतो. इथे मी काढणं, धुणं आणि सीलर ही कामं रंगापासून तोडून वेगळ्या ओळींत, वेगळ्या मजुरीने लिहिली. पुढे अट घातली: टेप आणि काळं फडकं दोन्ही स्वच्छ निघाल्याशिवाय पुढचा हात चढणार नाही, आणि हे गुरुजींनी स्वतः पाहायचं. मजुरीची निम्म्याहून जास्त रक्कम या तयारीवर गेली. भारी डबा आणला नाही, मधल्या दर्जाचाच आणला.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर पुन्हा सगळीकडे टेप आणि फडकं फिरवलं. माजघर, पट्टा आणि पडवी चांगली आहेत. न्हाणीघराच्या भिंतीला तळाशी वीतभर उंचीत क्षार पुन्हा फुटले आहेत. हे अपेक्षित होतं, इतक्या वर्षांचे क्षार एका उन्हाळ्यात निघत नाहीत. ते कोरडे झाडायचे आणि मेमध्ये तेवढ्या पट्ट्याला चुन्याचा एक हात द्यायचा, हे काकूंनी वहीत लिहून घेतलं. माजघरात खिडकीच्या वर मात्र ओंजळीएवढा फुगा सापडला. वर बघितलं तर एक कौल सरकलेलं होतं. कौल बसवलं, फुगा कापून काढला, आणि ती जागा डिसेंबरपर्यंत उघडीच ठेवायला सांगितली आहे. प्लास्टिकचा कागद कोरडा निघाला तरच तिथे सीलर लागेल.